व्हँकूव्हरचं आडवं न्यायालय आणि त्याचा तिरका जिना

नमस्कार. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात रॉब्सन स्क्वेअरच्या एका टोकाला ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं न्यायालय आहे. या जागी आधी 55 मजली सरकारी मनोरा उभा राहायचा होता. 1972 मध्ये सरकार बदललं, आणि वास्तुकार आर्थर एरिक्सन यांनी तो मनोरा जणू आडवा झोपवला. रस्त्यांमधल्या तीन सलग भूखंडांवर पसरलेला हा प्रकल्प. त्यात न्यायालय फक्त सात मजली.

[दृश्य: काचेचं उतरतं छत]

लोखंडी जाळीच्या सांगाड्यावर हे काचेचं छत पेललेलं आहे. त्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे सज्जे दिसतात ना, तिथे पक्षकार आणि साक्षीदार थांबतात. पुकारा होईपर्यंत तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला उजेड आणि झाडं दिसावीत, ही या इमारतीची सगळ्यात मोठी गोष्ट. न्यायदालनं मात्र मागच्या काँक्रीटमध्ये. न्यायाधीश, कोठडीतले आरोपी आणि लोक यांच्या वाटा वेगळ्या असतात. या वाटा फक्त न्यायदालनातच एकत्र येतात. नकाशात हेच सर्वांत अवघड, कारण एक लिफ्ट चुकीच्या जागी पडली की साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येतात.

[दृश्य: चौकातला जिना]

आता हा जिना नीट बघा. पायऱ्यांमधून तिरका उतार नागमोडी जातो. याला स्ट्रॅम्प म्हणतात. दिसायला देखणा, बागरचनाकार कॉर्नेलिया ओबरलँडर यांच्या हिरवाईत तर फारच. पण अडचण भूमितीत आहे. उतार पायरीला तिरका छेदतो, त्यामुळे एकाच पायरीची उंची एका टोकाला पूर्ण आणि दुसऱ्या टोकाला शून्य होते. पाय अंदाजाने पडतो आणि चुकतो. कमी दिसणाऱ्यांना कड कळत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला उतारावर धरायला कठडा नाही.

हिशेब करा: व्हीलचेअरसाठी एकास बारा हा कमाल उतार धरला, तर 2 मीटर चढायला 24 मीटर वाट लागते, शिवाय मधले सपाट टप्पे वेगळे. तेवढी लांबी वळणांमध्ये बसवताना कठड्याला जागा उरणं अवघड होतं. तुमच्या प्रकल्पात स्ट्रॅम्प करायचा मोह झाला, तर आराखड्यात आधी उताराच्या दोन्ही बाजूंना कठडा आखा, प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक वेगळ्या रंगाची पट्टी द्या, आणि मग उरलेल्या जागेत पायऱ्या बसवा.