कशावरून?

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातून बोलतेय, बारावी सायन्सला आहे, आणि मला सांगितलंय की शाळेत वेगवेगळे विषय शिकताना काय वाटलं ते श्रोत्यांना सांग. मी बरेच दिवस विचार केला की कुठून सुरू करू, मराठी आधी की गणित आधी, पण खरं सांगायचं तर माझं शिकणं जिथं सुरू झालं असं मला वाटतं ती जागा वर्गात नव्हतीच, ती आमच्या केळीच्या बागेत होती, मागच्या वर्षीच्या जून महिन्यात.

तुमच्यापैकी ज्यांची केळी आहे त्यांना जूनचं वादळ काय असतं ते सांगायला नको. आमची दोन एकर मृगबाग कापणीला आलेली, घड भरलेले, आणि संध्याकाळी अर्धा तास वारा सुटला तेवढ्यात बाग आडवी. रात्री कोणी जेवलं नाही. दोन दिवसांनी पंचनाम्याला साहेब आले, वडील म्हणाले अर्धी बाग गेली साहेब, आणि साहेबांनी शांतपणे विचारलं, कशावरून? ते काही रागावून बोलले नाहीत, त्यांना आकडा लिहायचा होता एवढंच, पण वडील गप्प झाले, आणि मला ते गप्प होणं अजून आठवतं, कारण वडील खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच अर्धी गेली असं वाटत होतं.

मग मी आणि माझा लहान भाऊ मोजायला लागलो. आधी मी वहीत मांडलं, एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट, लागवड ५ बाय ६ फुटांवर म्हणजे एका झाडाला ३० चौरस फूट, म्हणजे एकरी १,४५२ झाडं, दोन एकरात २,९०४. पण वडील म्हणाले बांध आहे, पाइपलाइनची जागा आहे, विहिरीकडे जायचा रस्ता आहे, तेवढी झाडं बसतच नाहीत. मग आईने लोखंडी पेटीतून नर्सरीचं बिल काढलं, त्यावर टिश्यूची, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली, २,८०० रोपं होती. आणि मग ओळीओळीने फिरून पडलेली मोजली, मोजलेल्या झाडाच्या पानाला सुतळी बांधायची, असं करत दुपार झाली, १,०६४ भरली. म्हणजे शंभरात ३८. निम्मी नाही. वडील थोडा वेळ आकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, मला जास्त वाटली होती. मला त्या क्षणी वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

त्या दिवसापासून तो शब्द माझ्या डोक्यात बसलाय. कशावरून? आणि मला हळूहळू कळायला लागलं की शाळेतला प्रत्येक विषय या एकाच प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या पद्धतीने देतो. मी दहावीपर्यंत विषय म्हणजे वेगवेगळ्या रंगाचं कव्हर असंच समजत होते, गाईडमधून पाठ करायचं, पेपरात उतरवायचं. आता बघा त्या एका दुपारी आम्ही किती गोष्टी केल्या, वहीतलं गणित हे एक, पेटीतलं बिल म्हणजे कोणीतरी त्या वेळी लिहून ठेवलेला कागद हे दुसरं, आणि स्वतः जाऊन मोजणं हे तिसरं. आणि पहिली दोन तर वेगळंच बोलली! गणित म्हणालं २,९०४, कागद म्हणाला २,८००. गणित चुकलं नव्हतं हं, मी त्याला बांध आणि रस्ता सांगितलाच नव्हता.

दहावीत आम्हाला पायथागोरसचं प्रमेय शिकवताना सरांनी फळ्यावर एक गणित घातलं होतं, भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं. ३२ हात उंच वेळू, वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर वेळू किती उंचीवर मोडला? तेव्हा मी उत्तर पाठ केलं होतं, १२ हात. वादळानंतर बागेत अर्धवट मोडून टेकलेली केळ बघितली आणि एकदम ते गणित समोर उभं राहिलं, ही काय इथेच आहे की ती आकृती, उभा भाग, जमीन आणि तिरका भाग. घरी येऊन परत सोडवलं. १२ चा वर्ग १४४, १६ चा वर्ग २५६, बेरीज ४००, म्हणजे तिरका भाग २०, आणि १२ अधिक २० बरोबर ३२. मला कोणाला विचारावं लागलं नाही की बरोबर आलं का. गणितात मला हेच सगळ्यात जास्त आवडतं, कशावरून विचारलं तर तुमची तुम्हालाच खात्री करता येते, रात्री अकरा वाजता, एकटीला, कोणी नसताना.

आणि ते भास्कराचार्य काही लांबचे नाहीत आपल्याला. चाळीसगावजवळ पाटणादेवीला आमची सहल गेली होती, तेव्हा आम्ही जंगल, धबधबा आणि फोटो एवढंच केलं, पण इतिहासाच्या सरांनी परत येताना बसमध्ये सांगितलं की इथल्या पाटणे गावच्या देवळात एक शिलालेख सापडलाय, १२०७ सालचा, त्यात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या खान्देशात मुलं बसून ती गणितं सोडवत असणार! बसमध्ये एकाने विचारलं, सर मग भास्कराचार्य इथलेच ना, इथेच जन्मले ना? सर म्हणाले, दगडावर मठाचं लिहिलंय, जन्माचं लिहिलेलं नाही. जन्माचं साल मात्र पक्कं आहे, शके १०३६ म्हणजे १११४, कारण ते त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय आणि ३६ व्या वर्षी ग्रंथ केला हेही लिहिलंय. आमची सगळी बस थोडी हिरमुसली, कारण आम्हाला ते आपलेच हवे होते. पण आता मला वाटतं सरांनी त्या दिवशी जे शिकवलं ते अख्ख्या वर्षाच्या पुस्तकापेक्षा मोठं होतं, की आपल्याला आवडणारी गोष्ट असली तरी दगडावर जेवढं लिहिलंय तेवढंच म्हणायचं.

बायोलॉजीचं वेगळं आहे, तिथे कापून बघावं लागतं. मी लहानपणापासून केळीच्या खोडाला खोडच म्हणत आले, आणि अकरावीत कळलं की ते खरं खोड नाहीच, पानांची आवरणं एकमेकांवर गुंडाळून झालेलं ते आहे, खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. आमच्याकडे पडलेली झाडं होतीच, विळ्याने आडवं कापलं तर अगदी कांद्यासारखे पापुद्रे, आणि त्यात नुसतं पाणी. तेव्हा समजलं की एवढ्याशा पाणीभरल्या गुंडाळीवर वीस पंचवीस किलोचा घड लटकलेला असतो, वाऱ्यात कसं टिकणार ते! फिजिक्सचा टॉर्क, म्हणजे एखादी गोष्ट वळवणारा जोर, मला तिथे समजला, फार काही सांगत नाही त्याबद्दल.

पण बियांची गोष्ट सांगायलाच पाहिजे. केळात बी का नसतं? आपण खातो त्या केळीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, ११ चे तीन म्हणजे ३३, त्यांची जोडी नीट लागत नाही म्हणून बी धरत नाही, मधे जे बारीक काळे ठिपके दिसतात ते न झालेलं बी. म्हणून केळी लावायची तर कंद नाहीतर टिश्यूचं रोप, म्हणजे आमची २,८०० झाडं ही एका अर्थाने एकच झाड. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण एकाला जो रोग होईल तो सगळ्यांना होऊ शकतो. गेल्या शतकाच्या मध्यात ग्रो मिशेल नावाची जात जगभर विकली जायची, तिच्या बागा मातीतल्या मर रोगाने बसवल्या आणि मग बाजारात कॅव्हेंडिश आली, आपली ग्रँड नैन म्हणजे जी नाईन ही त्यातलीच. मी हे वडिलांना सांगितलं, ते म्हणाले मग काय करायचं. उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाहीये, पण पुढे मला कशाचा अभ्यास करायचाय ते मला त्या प्रश्नाने ठरवून दिलं.

आता भाषेचं. आमच्या घरात अहिराणी. सहावीत एका बाईंनी माझ्या निबंधातलं नाही, वर्गात बोललेलं एक वाक्य सगळ्यांसमोर परत म्हणायला लावलं, मी माले म्हणाले होते, मला नाही, आणि त्या म्हणाल्या हे अशुद्ध आहे. मी नंतर वर्षभर वर्गात हात वर केला नाही. आता मला तेव्हाच्या माझ्यासाठी वाईट वाटतं, कारण अशुद्ध म्हणजे काय, कशावरून? माले, तुले, त्याले, सगळीकडे ला च्या जागी ले, एकदाही चुकत नाही, म्हणजे नियम आहे ना तो! माझी मावशी सुरतला राहते, आपली किती माणसं तिकडे आहेत, तिच्याकडे गेले तर शेजारच्या गुजराती काकी आहे म्हणायला सारखं छे छे म्हणायच्या, आणि आजी इकडे आहेला शे म्हणते, काय शे, कुठे शे. मी आजीला म्हटलं, आजी ते छे आणि तू शे, किती जवळ! आजी नुसती बघत राहिली, तिला त्यात नवल काहीच नव्हतं. भूगोलात शिकतो ना, तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ समुद्राला मिळते, दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला आणि ही सातपुड्याच्या पायथ्याने खचदरीतून पश्चिमेला, तर माणसं आणि बोली पण त्याच वाटेने जाता येता राहिली असतील असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे हं, याला माझ्याकडे शिलालेख नाही.

शेवटचं एक सांगते, मामाच्या गावचं. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर, तिकडे फड पद्धत आहे. नदीवर दगडचुन्याचा जुना बंधारा, त्यातून पाट, पाणी उताराने आपोआप चालतं, मोटार नाही की लाइट नाही. बंधाऱ्याखालची जमीन तीन चार फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असलं तर एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे टंचाई एकट्यादुकट्याच्या वाट्याला येत नाही, सगळ्यांमध्ये वाटली जाते. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. हे शेकडो वर्षं चालत आलंय, आता विहिरी आणि वरची धरणं झाल्यावर बरेच फड मोडकळीला आलेत. नागरिकशास्त्रात मी लोकशाहीची व्याख्या पाठ केली होती, पण पाणी कमी पडल्यावर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलेली माणसं मी तिथे बघितली.

तिथल्या एका म्हाताऱ्या पाटकरी बाबांना मी विचारलं, बाबा, शेताला पाणी पुरलं हे कशावरून कळतं? घड्याळ लावता का? ते शेताच्या अगदी शेवटच्या टोकाला गेले, चप्पल काढली, वाफ्यात उभे राहिले आणि म्हणाले, पाय रुतना की पानी पुरं. घोट्यापर्यंत पाय गेला की बारी बदलायची. मी पण उभी राहिले, पण माझं वजन कमी, माझा पाय तेवढा गेला नाही, आणि ते हसले, म्हणाले तुझ्या पायाने मोजलं तर सगळं पाणी एकालाच जाईल.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मातीतला ओलावा काढायची सोपी पद्धत आहे, ओली माती वजन करायची, ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वाळवायची, परत वजन करायची, फरक म्हणजे पाणी. तर दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे जाणार आहे, बाबा म्हणतील पुरलं त्या जागची माती आणि त्याच्या आधीच्या वाफ्यातली माती अशी दोन्ही आणायची आहे, आणि बघायचंय बाबांच्या पायाला नक्की किती टक्के कळतं ते. त्यांना विचारलंय, ते हो म्हणालेत. आईकडून घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे मागून ठेवलेत. नमस्कार.