प्लगिनची रोजकीर्द

मला दिलेला विषय होता ‘ऑनलाइन दुकानासाठी दहा उत्तम प्लगिन’. प्लगिन म्हणजे साइटला जोडायचा, एखादं जादा काम करणारा छोटा प्रोग्राम. दहा नावं मी सांगणार नाही. सांगितली तर तुम्ही आज रात्रीच दहाही टाकाल आणि उद्या सकाळी मला फोन कराल.

मघाशी हात वर झाले त्यावरून दिसतंय की इथल्या बहुतेकांचं दुकान वर्डप्रेसवर, म्हणजे साइट उभी करायच्या सॉफ्टवेअरवर आहे, आणि त्यावर खरेदी-विक्री चालवणारं वूकॉमर्स. पैठणीवाले आहेत, चिवडा-मसालेवाले आहेत, तांब्याची भांडी विकणारे दोघे आहेत, आणि पेठ-सुरगाण्याकडून नागलीचे पापड घेऊन आलेल्या बचत गटाच्या ताई आहेत. ज्यांचं दुकान महिन्याचं भाडं भरून तयार मंचावर चालतं, त्यांची निम्मी डोकेदुखी त्या भाड्यातच दुसरा कोणीतरी सोसतो. तो पर्याय वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी वर्डप्रेसवाल्यांशी बोलतोय.

वर्डप्रेस २००३ मध्ये आलं ते ब्लॉग लिहिण्यासाठी. वूकॉमर्स २०११ मध्ये आलं, आणि तेही मुळात एक प्लगिनच आहे. म्हणजे आपण लिहायच्या वहीवर दुकान मांडलंय. मग पैसे घ्यायला एक प्लगिन, बिल काढायला एक, पिनकोड तपासायला एक, असं चिकटवत चिकटवत ते उभं राहतं. त्यात गैर काही नाही, पण एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. मोबाईलमध्ये एखादं ॲप टाकलं की ते विचारतं, कॅमेरा वापरू का, फोनबुक बघू का. वर्डप्रेसमधलं प्लगिन असं काही विचारत नाही. चालू केलंत की ते तुमच्या डेटाबेसपर्यंत पोचू शकतं. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाईल नंबर, सगळ्या ऑर्डरी. पानाच्या कोपऱ्यात कंदील लटकवणारं दिवाळीचं प्लगिन असो की गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेणाऱ्या सेवेचं, म्हणजे पेमेंट गेटवेचं, गल्ल्याची किल्ली दोघांच्याही हातात सारखीच.

आणि किल्ली कोणाकडे आहे हे मागाहून बदलू शकतं. डिस्प्ले विजेट्स नावाचं एक साधं प्लगिन होतं, सुमारे २ लाख साइटवर. मूळ माणसाने ते विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून त्यात असा कोड घातला की साइटवर परस्पर जाहिरातबाज मजकूर उमटावा. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ते अधिकृत यादीतून कायमचं काढलं गेलं. ज्यांनी ते टाकलं त्यांनी टाकताना काहीही चूक केली नव्हती.

तेव्हा निवडताना मी काय बघतो? तारे सगळ्यात शेवटी. प्लगिनच्या पानावर शेवटचं अपडेट कधी झालं ते आणि वर्डप्रेसच्या कितव्या आवृत्तीपर्यंत तपासलंय ते लिहिलेलं असतं. वर्षभर हात न लागलेलं प्लगिन मी पैशांच्या कामाला घेत नाही. मग सपोर्टच्या विभागात जातो आणि लोकांनी अलीकडे काय तक्रारी केल्यात, त्यांना कोणी उत्तर देतंय का, हे वाचतो. एक तारा देणाऱ्यांचे अभिप्राय आधी वाचायचे. त्यातला निम्मा नुसता राग असतो, पण उरलेल्या निम्म्यात ‘अपडेटनंतर चेकआउट बंद पडलं’ असं तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेलं सापडतं.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की हे लागतंय का? व्हॉट्सॲपचं हिरवं बटण घ्या. त्यासाठी प्लगिन टाकलेली किती दुकानं दाखवू! ती एक साधी लिंक असते, डब्ल्यूए डॉट मी आणि पुढे तुमचा नंबर. बटणाचं चित्र आणि लिंक, संपलं. उलट ऑर्डरचे ईमेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जात असतील, तर ईमेल नीट खात्यातून पाठवणारं एसएमटीपीचं प्लगिन खरंच लागतं, आणि तेच नेमकं कोणाकडे नसतं. ते दिसत नाही ना! हिरवं बटण दिसतं.

प्लगिनची आणखी एक जात आहे. ‘पुण्याच्या अमुक यांनी आत्ताच ही साडी घेतली’, ‘फक्त २ शिल्लक’, ‘ऑफर ९ मिनिटांत संपेल’. पान पुन्हा उघडलं की ती ९ मिनिटं परत ९ होतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या अशा मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत, आणि खोटी घाई लावणं हा त्यातला एक. न विचारता टोपलीत जादा वस्तू किंवा देणगी सरकवणं हा दुसरा. प्लगिन परदेशी माणसाने लिहिलं असेल, दुकान तुमचं आहे. शिल्लक खरोखर दोनच असतील तर जरूर लिहा.

पैसे देऊन घ्यायचं प्लगिन टेलिग्रामवर फुकट मिळालं, असं सांगणारे दर महिन्याला भेटतात. यातली बरीच प्लगिनं अशा परवान्याखाली असतात की त्यांची नक्कल करायला मुभा असते, त्यामुळे तो मुख्य मुद्दाच नाही. मुद्दा हा, की त्याला अपडेट मिळत नाही आणि वाटेत कोणी त्यात काय मिसळलंय ते तुम्हाला कळणार नाही. सुटं तेल डब्यावर बिल्ला नसताना तुम्ही घेत नाही, इथे मात्र बिनधास्त घेता.

आता बिघाडाकडे येतो. एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण त्यात मी स्वतः दोन दिवस चुकीच्या जागी शोधत होतो.

येवल्याच्या एका ताईंचं पैठणीचं दुकान. प्रत्येक साडी एकच नग, त्यामुळे स्टॉक नेहमी एक. फोन आला तोच रडवेला. साडेचौदा हजारांची साडी, पैसे चिंचवडच्या बाईंच्या खात्यातून गेलेत, पण दुकानात ऑर्डर ‘रद्द’ दिसतेय. आणि तीच साडी तासाभराने नागपूरच्या दुसऱ्या बाईंना विकलीही गेली. एक साडी, दोन मालकिणी.

मी लॅपटॉपवरून कार्डाने ऑर्डर टाकून बघितली. व्यवस्थित. पुन्हा टाकली, व्यवस्थित. पाच वेळा टाकली. मग गेटवेवर संशय घेतला, साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवलीय त्या होस्टिंगवर घेतला, साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमवर घेतला. तोवर ताईंनी घाबरून एका रात्रीत गेटवेचं प्लगिन अपडेट केलं, दुसरा गेटवे जोडला आणि थीमही बदलली. तीन गोष्टी एकदम. त्यानंतर काही सुधारलं असतं तरी कशाने सुधारलं हे आम्हाला कधीच कळलं नसतं. पण काही सुधारलंच नाही.

मग मी सगळ्या अडकलेल्या ऑर्डरी कागदावर मांडल्या. तेव्हा दिसलं की कार्डवाली एकही नाही. सगळ्या यूपीआयच्या आणि सगळ्या मोबाईलवरून. इथे माझी ट्यूब पेटली. यूपीआयने पैसे देताना माणूस आपल्या दुकानातून उठून दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी खूण बघतो आणि फोन खिशात टाकतो. ब्राउझरमध्ये परत येतच नाही. जो परत येतो त्याच्याबरोबर ‘पैसे मिळाले’ हा निरोपही येतो. जो येत नाही त्याच्यासाठी गेटवे मागच्या दाराने थेट तुमच्या साइटला निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. ते मागचं दार बंद होतं. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकची यादी उघडली तर एकाखाली एक ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. आणि प्रवेश नाकारत होतं तीन दिवसांपूर्वी टाकलेलं सुरक्षेचं प्लगिन. बाहेरून येणारी अनोळखी विनंती अडवायची, हे काम ते अगदी इमानेइतबारे करत होतं.

आता ऑर्डर रद्द का झाली? वूकॉमर्समध्ये, इन्व्हेंटरीच्या सेटिंगमध्ये, पैसे न आलेल्या ऑर्डरसाठी माल किती मिनिटं राखून ठेवायचा असा एक आकडा असतो. तो आधीपासून ६० असतो. तासाभरात पैशांचा निरोप आला नाही की ऑर्डर रद्द, माल परत फळीवर. म्हणून साडी ‘तासाभराने’ विकली गेली. बघा, फोनवर ताई पहिल्याच वाक्यात तासाभराने म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं, पण धरलं नव्हतं.

सुरक्षेच्या प्लगिनमध्ये गेटवेच्या पत्त्याला परवानगी दिली. मोबाईलवरून १ रुपयाची ऑर्डर टाकली, यूपीआयने पैसे दिले आणि मुद्दाम परत आलो नाही. दोन मिनिटांत ऑर्डर ‘प्रोसेसिंग’ झाली, म्हणजे पैशांचा निरोप पोचला. चिंचवडच्या बाईंचे पैसे परत गेले. त्यांनी दुसरी पैठणी घेतली की नाही, ते मी विचारायचं धाडस केलं नाही.

सगळेच बिघाड इतके लबाड नसतात. नुसतं ‘काहीतरी बंद पडलंय आणि कशामुळे ते माहीत नाही’ असं असेल, तर अर्धी-अर्धी पद्धत वापरा. आधी बॅकअप. मग निम्मी प्लगिनं बंद करायची. बिघाड गेला तर गुन्हेगार त्या निम्म्यात, नाही गेला तर उरलेल्यात. पुन्हा त्यातली निम्मी. ३२ प्लगिनं असली तरी एकटा गुन्हेगार पाच फेऱ्यांत हाती लागतो. हे चालू दुकानावर करू नका. हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग नावाचं एक मोफत प्लगिन आहे. त्यातल्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये प्लगिनं फक्त तुमच्यापुरती बंद होतात, गिऱ्हाइकाला दुकान जसंच्या तसं दिसतं. आणि आतच जाता येत नसेल, पांढरं पान येत असेल, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन प्लगिन्स नावाच्या फोल्डरचं नाव बदला. सगळी एकदम बंद होतात आणि दार उघडतं. ते पाच-दहा मिनिटं दुकानही बंद राहतं, म्हणून रात्री करा.

गिऱ्हाइकाला दुसऱ्याचीच टोपली दिसते असं कोणी म्हणालं, तर बहुतेक वेळा पेज कॅशिंग. पैशांची कॅश नव्हे, पानं साठवून वेग वाढवणारी. कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही तीन पानं त्यातून वगळा.

आता रोजकीर्द. इथल्या कितीतरी घरांत आजोबांच्या काळच्या लाल चोपड्या असतील. तशीच एक वही साइटसाठी ठेवा. कुठलं प्लगिन, कशासाठी, कधी टाकलं, पैसे भरले असतील तर मुदत कधी संपते, आणि कुठल्या सेटिंगला कोणी कधी हात लावला. त्या ताईंकडे ही वही असती तर ‘तीन दिवसांपूर्वी सुरक्षेचं प्लगिन’ ही ओळ मला पहिल्याच पानावर दिसली असती.

वहीचा दुसरा उपयोग २०२५ च्या घटस्थापनेला दिसला. २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि पॅकबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. एका चिवडेवाल्या काकांनी वूकॉमर्सच्या करतक्त्यात दर बदलला. महाराष्ट्रात केंद्राचे अडीच आणि राज्याचे अडीच, बाहेर ५, सगळं बरोबर. पण बिल छापणाऱ्या प्लगिनमध्ये साइट करणाऱ्याने १२ हा आकडा हाताने बसवून ठेवला होता. गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घेतले जात होते आणि बिल १२ टक्क्यांचं निघत होतं. ऐन दिवाळीच्या ऑर्डरींत. कुठला आकडा कुठे बसवलाय हे वहीत असतं, तर दुसरी जागा लगेच सापडली असती. एकच आकडा दोन जागी ठेवावा लागतो असं प्लगिन दिसलं, की ते सरळ नाकारा.

वेळ संपत आलीय, पण एक गोष्ट आत्ता इथेच करू. मोबाईल काढा, आपापल्या साइटमध्ये लॉगिन करा. सेटिंग्ज, त्यात जनरल. तिथे ॲडमिनिस्ट्रेशन ईमेल ॲड्रेस दिसेल. २०१९ पासून वर्डप्रेसमध्ये सोय आहे, की एखाद्या प्लगिनमुळे साइट कोसळली तर या पत्त्यावर ईमेल येतो. कुठल्या प्लगिनने घोळ केला त्याचं नाव त्यात असतं आणि आत शिरायची एक खास लिंकही असते. सगळ्यात कामाचा ईमेल तोच.

हं, काका, तुमच्याकडे कोणाचा पत्ता निघाला? साइट करून दिली त्या मुलाचा? आणि तो आता बंगळुरूला असतो? ताई, तुमच्याकडे? तोच मुलगा! बरं. आधी आपापला पत्ता टाकून सेव्ह करा. वर्डप्रेस नव्या पत्त्यावर एक लिंक पाठवेल, ती दाबल्याशिवाय बदल होत नाही. मी थांबतो तोवर, चहा येतोच आहे.