रॉ तर काढला, उघडायचा कशात?

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपासून सुरुवात करतो, कारण इथल्या निम्म्या लोकांनी कॅमेरा त्याच आठवड्यात घेतलाय. (हशा) भर उन्हात नंदीध्वज निघालेत. सात काठ्या आणि भोवती पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं. जेपेगवर, म्हणजे कॅमेरा स्वतःच तयार करून देतो त्या फाइलवर, फोटो काढला की कापडाच्या घड्या जातात, छातीवरचे बंद जातात, उरतो नुसता पांढरा डाग. मग कुणीतरी सांगतं, "रॉ काढ की." तुम्ही काढता. घरी येऊन फाइलवर दोनदा क्लिक करता आणि संगणक म्हणतो, हे काय आणलंस?

जेपेग म्हणजे विणून झालेली चादर. मोर आवडला नाही म्हणून तिथं कमळ बसवता येत नाही. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा माल, सूत, अजून मागावर चढायचंय. आकड्यात सांगायचं तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे बाराबंदीच्या घड्या परत येऊ शकतात. येतीलच असं नाही हं. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग काठोकाठ भरून वाहिले असतील तर तिथं परत आणायला काही शिल्लकच नसतं.

आता पहिला धक्का. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास दिसतो, संगणकावर तोच फिका, मरगळलेला. फोन येतात मला, "दादा, कॅमेरा बिघडला का?" नाही बिघडला. पडद्यावर दिसत होता तो कॅमेऱ्यानं आतल्या आत बनवलेला जेपेग. रंग किती गडद, सावली किती काळी, हे त्यानं ठरवलं होतं. दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर ते ठरवणं बाजूला ठेवतं आणि स्वतःच्या अंदाजानं रंग लावतं.

म्हणून माझं मत, नवख्यानं पहिले दोन-तीन महिने कॅमेऱ्याच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर वापरावं. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. पैसे लागत नाहीत आणि रंग कॅमेऱ्यात दिसले तसेच उघडतात. दिसायला जुनाट आहेत, चालतात संथ. पण एक्स्पोजर म्हणजे एकूण उजेड, व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसणं, हायलाइट म्हणजे उजळ भाग आणि सावल्या, हे चार दांडे हलवायला शिकायचं तर तेवढं पुरतं. आणि त्या काळात कळतं की आपल्याला नेमकं काय कमी पडतंय. ते कळायच्या आत पैसे भरणं म्हणजे पाय न मोजता चप्पल घेणं.

कमी पडायला लागलं की मग बाजारात जा. हजारो फोटो सांभाळायचे, झटपट निवडायचे तर लाइटरूम. पण ते भाड्यानं मिळतं. २०१५ची सहावी आवृत्ती एकदाच पैसे भरून घेता यायची, ती शेवटची. स्टुडिओत कॅमेरा वायरनं संगणकाला जोडून काम करणारे कॅप्चर वनकडे वळतात. नान्नजला माळढोक शोधत पहाटेच्या कमी उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला दाद देण्याची पातळी, चढवून बसणाऱ्यांनी डीएक्सओ फोटोलॅब बघावं, त्यानं फोटोत येणारे दाणे काढण्यात ते तरबेज आहे. खिशाला झेपत नसेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी, दोन्ही मोफत, मुक्त स्रोत. डार्कटेबल पहिल्या दिवशी रडवतं, हे आधीच सांगून ठेवतो. आणि फोटो दुरुस्त करायचं गिंप मोफत असलं तरी ते रॉ स्वतःहून उघडत नाही, त्याला या दोघांपैकी एकाचा हात धरावा लागतो.

किंमत सगळे विचारतात. बाहेर पडायचा रस्ता कुणी विचारत नाही. रॉ फाइल तशीच राहते, तुम्ही केलेले बदल वेगळे लिहिले जातात. एका सॉफ्टवेअरचे बदल दुसऱ्याला धड वाचता येत नाहीत. संगणकावरच्या लाइटरूम क्लासिकचं भाडं थांबवलं की फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण संपादनाचा भाग बंद. शिवाय ते बदल मुळात कॅटलॉग नावाच्या एकाच फाइलीत असतात. डार्कटेबल मात्र प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल ठेवतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्नाच्या चार हंगामांचे रॉ मी जपून नव्या डिस्कवर हलवले आणि कॅटलॉग जुन्या लॅपटॉपवर राहिला. तो लॅपटॉप मीच फॉरमॅट केला. पुढं एका वधूच्या वडिलांनी अल्बम पुन्हा मागितला. रॉ सगळे हजर, त्यावरची माझी रात्रीरात्रीची मेहनत गायब. हळदीच्या पिवळ्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्यांना कारण सांगितलं नाही, "प्रिंटरला वेळ लागतोय" म्हणालो. (हशा) तेव्हापासून काम संपलं की मोठ्या आकाराचा जेपेग काढून ठेवतो, महत्त्वाच्या फोटोंचा टिफ, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेली मोठी फाइल. जागा खातं, खाऊ दे.

मघाशी एका ताईंनी विचारलं, जुनं सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याचा रॉ उघडत नाही, काय करायचं? अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर मोफत आहे, त्यातून फाइल डीएनजी या सर्वसाधारण रॉ प्रकारात बदलून घ्या, बऱ्याचदा भागतं.

आता लॅपटॉप आणलेत ते पुढं या. माझ्याकडं सिद्धेश्वर तलावाचे दहा रॉ आहेत, पेनड्राइव्हवर देतो. पाण्यावर चकाकतं ऊन आणि देवळाच्या काळ्या सावल्या, दोन्ही एकाच फोटोत आहेत. तेच दहा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघू.