हात सुटण्याआधी

माइक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं.

आत्ता प्रास्ताविकात चिटणीस म्हणाले, वकीलसाहेबांनी तत्काळ होकार दिला. कायद्याने पाहिलं तर ही माहिती चूक आहे. त्यांचा फोन आला तेव्हा मी लिफ्टमध्ये होतो. मी म्हणालो, ‘येतो, नक्की येतो.’ त्यांना ऐकू गेलं नुसतं ‘ये... ये...’ आणि लाइन गेली. त्यांना वाटलं, हा माणूस टाळतोय. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तेव्हा कुठे आमचं जमलं. मग माझा होकार पहिल्या दिवशीचा की तिसऱ्या? हसू नका. अशाच प्रश्नावर सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींचं एकमत झालं नव्हतं, आणि फोन होता आपल्या खामगावचा. तिकडे येतोच.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘वैध करार : कायदा आणि व्यवहार’. तिकडेही येतो. पण आधी माझं एक जुनं दुखणं.

एकदा एक गृहस्थ ऑफिसात आले. प्लास्टिकच्या पिशवीतून जपून कोरा स्टॅम्प पेपर काढला. म्हणाले, ‘साहेब, करार झालाय, फक्त लिहायचा राहिलाय.’ म्हटलं, कोणाशी? ‘ते अजून ठरायचंय.’

तुम्ही हसताय, पण निम्म्या सभागृहाच्या कपाटात असा एक कागद असणार. अहो, स्टॅम्प म्हणजे सरकारला भरलेलं शुल्क. १०० चा होता, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा झाला. म्हणून कुणाचा शब्द पाचपट पक्का झाला नाही. १८७२ चा करार कायदा सर्वसाधारणपणे कागद मागतच नाही. जमिनीच्या खरेदीखताला नोंदणी लागते, आणखी काही व्यवहार लेखीच व्हावे लागतात, ते बाजूला ठेवा. एरवी दोघांचं एकाच गोष्टीवर, एकाच अर्थाने जमलं, की करार उभा राहिला. कागद हा पुरावा. तो नसला की साक्षीदार उभे करताना घाम फुटतो, हे मात्र खरं. माझं घर त्याच घामावर चाललं.

मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबांबरोबर बैलबाजारात गेलो होतो. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. मालकाच्या वतीने हेड्याने, म्हणजे बैलांच्या दलालाने, आजोबांचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबून सौदा सुरू झाला. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळू नये म्हणून ही सोय. दोघांचे चेहरे असे कोरडे, की जणू पावसाची वाट पाहताहेत. मला फक्त उपरणं हलताना दिसत होतं. एकदा आजोबांनी हात काढून घेतला, चार पावलं चालून गेले, पुन्हा आले. पुन्हा उपरणं. शेवटी त्यांनी आतल्या आत पंजा दाबला, हात सुटले आणि मालकाने अकरा रुपये विसार खिशात घातला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. ‘पन्नास जास्त देतो.’ मालक घुटमळला. हेडी म्हणाला, ‘आता उपेग न्हाई. हात सुटलाय.’

प्रस्ताव, प्रतिप्रस्ताव, स्वीकार, सगळं त्या उपरण्याखाली होऊन गेलं होतं. शब्दाविना दिलेलं वचनही वचनच, हे कायद्याचं नववं कलम सांगतं. हेड्याने ते वाचलेलं नव्हतं. त्या बैलाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, आठवण करा.

आता खामगाव. २२ जुलै १९५९. अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीने खामगावच्या जिनिंग-ऑइल मिलशी ट्रंककॉलवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. ट्रंककॉल म्हणजे काय, हे इथल्या तरुणांना... तरुण कोणी दिसत नाहीत, ठीक आहे. पेंड आली नाही. पेढीने अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. मिल म्हणाली, सौदा झाला खामगावात, माल द्यायचा खामगावात, अहमदाबादच्या कोर्टाचा संबंध काय? गंमत म्हणजे फोन झाला तेव्हा दोन्ही गावं एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती. निकाल लागेपर्यंत मध्ये राज्याची सीमा आली.

पत्राचा नियम सोपा होता. होकाराचं पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव देणारा बांधला गेला. होकार देणारा मात्र पत्र पोचेपर्यंत मोकळा. मागाहून तार करून त्याला माघार घेता येई. पण फोनला पेटी कुठली? न्यायमूर्ती शाह आणि वांच्छू म्हणाले, फोन म्हणजे समोरासमोर बोलण्यासारखंच. होकार ऐकू आला तिथे करार, म्हणजे अहमदाबादेत. न्यायमूर्ती हिदायतुल्ला म्हणाले, कायद्याचे शब्द पाहा: होकार देणाऱ्याच्या हाताबाहेर गेला की संपलं, तो तोंडातून निघाला खामगावात, म्हणून करार खामगावात. १९६५ साली दोन विरुद्ध एक असा निकाल लागला आणि अहमदाबाद जिंकलं. माझं मन अजूनही हिदायतुल्लांकडे झुकतं. आमच्या नागपूर हायकोर्टाचे ते मुख्य न्यायाधीश होते, तो पक्षपात समजा. पण चिटणीसांच्या फोनच्या बाबतीत निकाल बहुमताचाच. त्यांना ऐकू आलं ते तिसऱ्या दिवशी.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय पाच मिनिटांत.

तर वैध करार. कलम १०. दोघेही सज्ञान आणि शुद्धीवर हवेत, संमती मोकळी हवी, मोबदला आणि हेतू कायदेशीर हवेत, आणि असा करार कायद्यानेच शून्य, म्हणजे झालाच नाही असा, ठरवलेला नसावा. अज्ञान म्हणजे अठराच्या खालचा, अडाणी नव्हे. कोलकात्याच्या धर्मोदास घोषने अज्ञान असताना घर गहाण ठेवलं. १९०३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, सांगितलं, हा करार मुळातच शून्य. दमदाटी किंवा फसवणुकीने घेतलेली संमती मात्र शून्यकरणीय. हा शब्द उच्चारायला दात शाबूत लागतात. म्हणजे ज्याला फसवलं त्याने ठरवायचं, करार ठेवायचा की मोडायचा. मोबदल्याशिवाय करार नाही, पण दाव्याची मुदत टळलेलं देणं ‘देतो’ म्हणून सहीनिशी लिहून दिलं तर पुन्हा अंगावर येतं. भाऊबंदांत सही करताना सांभाळा. ईमेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर? होतो. केवळ इलेक्ट्रॉनिक म्हणून करार नाकारता येत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यातच घातलंय. त्यामुळे अंगठा दाबण्याआधी दोनदा वाचा.

बैल? हो, बैल आमच्याकडेच आला. कामाला चांगला होता, पण डाव्या बाजूने गेलं की लाथ मारायचा. आजोबा पुढच्या बाजाराला तणतणत गेले, ‘मारका हाय हे बोलला न्हाईस.’ हेडी म्हणाला, ‘तुम्ही इचारलं कुठं?’ कलम १७ च्या स्पष्टीकरणात हेच आहे, खालच्या उदाहरणात बैलाऐवजी घोडा आहे एवढंच: नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. ‘तू नाही म्हणाला नाहीस तर मी चांगला धरतो,’ असं आजोबा म्हणाले असते, तर हेड्याचं गप्प बसणं बोलण्यात जमा झालं असतं. पण उपरण्याखाली हे कसं विचारणार? त्यासाठी बोट नव्हतं.