क्रोन्स घेऊन परदेशी: "ताई, औषधं किती आणू?" हा प्रश्नच चुकीचा आहे

नमस्कार मंडळी! आज मागे पसारा दिसतोय, त्याकडे लक्ष देऊ नका, हा व्हिडिओ ठरवून केलेला नाही. पण महिनाभर एकच प्रश्न येतोय: "ताई, मला क्रोन्स आहे, मास्टर्सला यूकेला चाललोय, औषधं किती महिन्यांची आणू?"

आधी नेहमीचं पटकन उरकते. क्रोन्स म्हणजे आतड्याची सूज. बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला, पण तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही. पूर्ण बरा होत नाही, आटोक्यात राहतो. आणि हा आयबीएस, म्हणजे सूज नसताना कुरकुरणारं पोट, नाही; हा आयबीडी, म्हणजे आतड्याला खरोखर सूज आणणारा आजार आहे. "मलाही आयबीएस होता, ताक पिऊन गेला" असं लिहिणाऱ्या मावशी, तुमचं ताक तुम्हाला लखलाभ, माझ्या आतड्यात व्रण आहेत.

आता यूके. देश एक, पण एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, एक नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंड, चौघांच्या चार चुली. मी चार वर्षं इंग्लंडमधल्या लेस्टरला होते, आता दोन वर्षं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला आहे. वेल्समध्ये २००७ पासून, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये २०१० पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून चिठ्ठीवरची औषधं फुकट. इंग्लंडमध्ये मात्र मे २०२४ पासून दर औषधामागे ९.९० पौंड. प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन वेगळं, फॉलिक ॲसिड वेगळं. वर्षाला १२ किंवा जास्त औषधं लागत असतील तर ११४.५० पौंडांचा वर्षाचा पास काढा, सुटाल.

आणि इथे मला जरा भांडायचंय. इंग्लंडमध्ये काही आजारांना ही फी माफ आहे. ती यादी १९६८ची. मधुमेह त्यात आहे, २००९ मध्ये कॅन्सर घातला, क्रोन्स नाही. पण आतडं कापून पोटावर कायमची पिशवी लागली, की तुम्ही यादीत! म्हणजे आतडं वाचवायला जी औषधं घ्यायची त्यांचे पैसे द्या, आतडं गेलं की फुकट. असो. रक्तदाब वाढवून उपयोग नाही, त्याची गोळीही ९.९० ला.

पण पैसे हा सोपा भाग झाला. खरी गोची आहे ही. (फाइल कॅमेऱ्यासमोर धरते.) हे माझ्या फाइलचं पहिलं पान, नव्या डॉक्टरांना दाखवायचं. औषधाचं मूळ नाव, डोस, किती दिवसांनी, आणि शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला. मूळ नाव म्हणतेय मी, ब्रँड नाही.

सांगलीहून निघाले तेव्हा माझ्या चिठ्ठीत फक्त ब्रँडचं नाव होतं. माझ्या इंजेक्शनचं मूळ नाव अडॅलिम्युमॅब. त्याचं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषध, आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्येच आलं, जगात सर्वांत आधी. युरोपात ती २०१८ मध्ये आली. त्यामुळे लेस्टरच्या नर्सने ते भारतीय ब्रँडचं नाव तीनदा वाचलं आणि विचारलं, हे काय असतं? मूळ नावाचा एक शब्द असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

बरं, शहाणी झाले म्हणता? ग्लासगोला आले तेव्हा वाटलं, सगळं एनएचएसच तर आहे, कॉम्प्युटरवर दिसेल. नाही दिसत! पेशंटचा इंग्लंडमधला एनएचएस नंबर वेगळा, स्कॉटलंडमधला सीएचआय नंबर वेगळा, ते एनएचएस ॲपसुद्धा इंग्लंडपुरतं. जुन्या क्लिनिकच्या पत्रात होतं, "बायोलॉजिक चालू, तब्येत उत्तम." बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली औषधं, माझं इंजेक्शन त्यातलंच एक. पण कोणतं बायोलॉजिक? देव जाणे. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, हे इंजेक्शन लिहून देत नाही, ते हॉस्पिटलच्या आयबीडी टीमकडूनच येतं. म्हणजे जीपीकडे नोंदणी, मग रेफरल, मग टीम, मग घरी इंजेक्शन पोचवणारी नवी कंपनी. दर चौदा दिवसांचं माझं इंजेक्शन चार वेळा हुकलं. असा खंड पडला की शरीर त्या औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवायची शक्यता वाढते, मग तेच औषध पुन्हा लागू पडेल याची खात्री नाही. संध्याकाळी बारीक ताप, आणि फोनवर आई: "साजूक तूप खा गं."

तेच पान दिवाळीला सांगलीला जातानाही हवं. इंजेक्शनचं पेन केबिन बॅगेत ठेवायचं. सामानाच्या बॅगेत गोठलं तर ते फेकायचंच. सिक्युरिटीवाला विचारतो, पान दाखवायचं, पुढे जायचं. माझं पेन फ्रिजबाहेर २५ अंशांपर्यंत १४ दिवस चालतं, तुमचं काय ते खोक्यावर बघा. ऑक्टोबर हीटमध्ये सांगलीत २५ अंश, हसा आता.

टीबीबद्दल विचारणाऱ्यांसाठी. व्हिसासाठी काढलेला छातीचा एक्स-रे इथे पुरत नाही. हे इंजेक्शन सुरू करण्याआधी सुप्त टीबीसाठी रक्ताची वेगळी तपासणी होते, तिचा रिपोर्ट असेल तर पानामागे लावा. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा टीबी यांत घोळ होतोच. मला आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, दिली, फरक पडेना म्हणून पुन्हा बायोप्सी. मी डॉक्टरांना दोष देत नाही, दोन्हींचं चित्र खरंच सारखं दिसतं. याच ग्लासगोत डॅल्झेल नावाच्या सर्जनने १९१३ मध्ये अशा आतड्यांचं वर्णन केलं, आणि हा टीबी नव्हे हेही तेव्हाच लिहिलं. नाव मात्र लागलं न्यूयॉर्कच्या क्रोनचं, १९३२च्या निबंधावरून. ग्लासगोकरांना याचा अजून राग आहे का, विचारलं पाहिजे.

तर, किती आणू? साधारण तीन महिन्यांची, तुमच्या डॉक्टरांना विचारून. पण तीन महिने औषधाच्या डब्याकडे बघत बसू नका, पोचल्याच्या आठवड्यात जीपीकडे नाव घाला. पानाचा नमुना खाली दिलाय, उतरवून घ्या. आणि गेल्या वेळी एकाने माझ्याच डोससकट तो कॉपी केला होता, तसं करू नका रे बाबांनो.