आगोटीची बेगमी : घरातला साठा आणि वाडीतला साठा

(रायगड जिल्ह्यात मे महिन्याच्या अखेरीस झालेल्या महिला बचत गटांच्या मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आलाय, घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणुकीची, धांदल आहे, कुणाचे पापड वाळायचेत, कुणाचा मसाला कांडायचाय. ती कामं बाजूला ठेवून तुम्ही आलात, म्हणून मी लगेच मुद्द्यावर येते. संकटासाठी घरात काय ठेवायचं, किती ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे कधी आणि कुठे ठेवायचं, हे आज बोलायचं आहे. शहरात हल्ली याला नवी विद्या समजतात. आपल्या कोकणात ती दर वर्षी मे महिन्यात होते.

आपल्या आज्या-पणज्यांची यादी आठवा. तांदूळ, कडधान्यं, मिरची, हळद, मीठ, आमसुलं, मिठात घातलेली चिंच, पांढऱ्या कांद्याच्या माळा. सोडे, सुके बोंबील, जवळा, वाकट्या. पडवीत रचलेला लाकूडफाटा, गोवऱ्या. यातली एकही गोष्ट हौसेने आलेली नाही. समुद्र खवळला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जायच्या, म्हणून सुकी मासळी. आज तर 1 जून ते 31 जुलै सरकारी मासेमारी बंदीच असते. मुंबईच्या बोटी पावसाळ्यात बंद व्हायच्या, नद्यांना पूल नव्हते, घाटात दरड आली की वाट तुटायची. चार महिने बाहेरून काही येणार नाही, हे धरूनच घर चालायचं.

मग पूल झाले, रस्ते झाले, वाडीत दुकान आलं, घरात फ्रिज आला. लागेल तसं आणू, अशी सवय लागली. ही सवय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्यामुळे बाईच्या मागचं केवढं तरी काम कमी झालं. पण ती सवय एका गोष्टीवर उभी आहे, उद्या दुकान उघडं असेल आणि दुकानात माल असेल. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा खोटी ठरली आहे.

2020 साल घ्या. 24 मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्या रात्री किराणा दुकानांपुढे ज्या रांगा लागल्या त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. त्यातून सावरतो न सावरतो तोच 3 जूनला निसर्ग वादळ आलं. ऐन आगोटीचे दिवस. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, पलीकडे मंडणगड, दापोली. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले, आणि मे महिन्यात भरून ठेवलेला साठा उघड्यावर पडून भिजला. ज्यांनी सगळं वेळेवर केलं होतं त्यांचंच गेलं. म्हणून मी म्हणते, साठा केला एवढ्याने भागत नाही, तो कसा ठेवला हेही तितकंच महत्त्वाचं.

वादळानंतर काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. वीज नाही म्हणजे फक्त दिवे नाहीत, असं नसतं. पिठाची गिरणी बंद. कोठीत गहू आणि तांदूळ आहेत, पण भाकरीला पीठ नाही. दळायची जाती तर आपण केव्हाच अंगणात टाकून दिली. नळपाण्याचा पंप बंद. फ्रिजमधलं सगळं खराब. मोबाइलचे टॉवर बंद, म्हणजे बँकेत पैसे असून दुकानदाराला देता येत नाहीत. वर्षभराचं धान्य असलेल्या घरात तिसऱ्या दिवशी चूल पेटवताना अडचण येऊ शकते, हे लक्षात घेऊन यादी करायची. पंधरा दिवसांचं तांदळाचं पीठ दळून हवाबंद डब्यात हवं. पोहे, चुरमुरे, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, गूळ असं न शिजवता किंवा कमी जळणात होणारं काहीतरी हवं. दहा, वीस, पन्नासच्या नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेल्या हव्यात. काड्यापेटी हवाबंद बरणीत, कारण पावसाळ्यात ती आधी सर्दावते.

पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. महाडच्या बाजारपेठेत सावित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा घरातलं खालचं सगळं गेलं. आणि खालीच तर आपण जड वस्तू ठेवतो, तांदळाची पोती, तेलाचे डबे, कोठी.

इथे पेच आहे बघा. पूर सांगतो, सामान वर ठेवा. वादळ सांगतं, माळ्यावर ठेवू नका, छप्पर जाईल. मग करायचं काय? उत्तर असं की साठा एका जागी ठेवायचाच नाही. मोठी कोठी खाली, पण जमिनीला न टेकता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर दूर, म्हणजे ओल चढत नाही. आणि पंधरा दिवसांचा वेगळा वाटा माळ्यावर, फिरकीच्या झाकणाच्या पिंपात. पोत्यात नाही. पिंपाचं झाकण घट्ट असेल तर कौलं उडून पाऊस पडला तरी आतलं धान्य कोरडं राहतं. सुपारीची बाग वाचवणं आपल्या हातात नसतं, पंधरा दिवसांचं अन्न वाचवणं असतं.

पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य मात्र वाळवून खाऊ नका. मला माहीत आहे, जीव तुटतो. पण त्या पाण्यात संडासाचं, गटाराचं, मेलेल्या जनावरांचं सगळं मिसळलेलं असतं, आणि ओल्या दाण्यावर धरणाऱ्या बुरशीचं विष उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही.

आता कीड. धान्य भरण्याआधी कडक उन्हात वाळवायचं आणि पूर्ण निवल्यावर भरायचं. ही निवण्याची पायरी घाईत सुटते. गरम धान्य डब्यात कोंडलं की आत घाम धरतो, आणि ओल मिळाली की सोंडे होतातच. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन हवं. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून मधल्या थरांत घाला, डाळींना एरंडेल चोळा. हे आपलं जुनं आहे आणि चांगलं आहे. पण दोन गोष्टींना मी हात जोडून नको म्हणते. एक, पाऱ्याच्या टिकड्या. पारा विष आहे, तो लेकरांच्या ताटाजवळ नको. दुसरी, गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद घरात झोपलेली माणसं त्याने मेलेली आहेत. कुणी कितीही स्वस्तात दिल्या तरी घरात आणू नका.

किती ठेवायचं, हा प्रश्न दर मेळाव्यात येतो. हिशोब अवघड नाही. एका मोठ्या माणसाला दिवसाला पाव किलोच्या वर, साधारण चारशे ग्रॅम तांदूळ-पीठ धरा. चार माणसं, पंधरा दिवस : 24 किलो. डाळ-कडधान्य माणशी 80 ग्रॅम धरलं तर पाच किलोला थोडं कमी. तेल दोन लिटर. मीठ, मिरची, हळद, गूळ, चहा तुमच्या घराप्रमाणे. आणि घरात जे रोज खाल्लं जातं तेच ठेवा. नाचणी न खाणाऱ्या घराने संकटासाठी म्हणून नाचणी भरली तर ती दिवाळीला किड्यांनी खाल्लेली सापडते. रोजचं सामान असेल तर जुनं आधी काढायचं, नवं मागे सारायचं, म्हणजे काहीच वाया जात नाही आणि वेगळा खर्चही फारसा येत नाही.

पाण्याचा विचार आपण करत नाही, कारण बाहेर धो धो पडत असतं. पण पूर आला की विहिरीत गाळ आणि घाण उतरते, नळ बंद असतो, आणि सगळीकडे पाणी असून पिण्याचं पाणी नसतं. माणशी रोज तीन लिटर पिण्याला आणि रांधायला. पाच माणसांना तीन दिवस म्हणजे 45 लिटर. इशारा आला की कळश्या, हंडे, पिंप सगळं भरून झाकून ठेवा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून गाळून, उकळून, किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घालून प्यायचं. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं, दहा वर्षांच्या पोरालासुद्धा.

औषधांचं तर आपण शेवटची गोळी संपल्यावर बघतो. ज्यांना बीपीची, साखरेची, फिटची गोळी रोज लागते त्यांची पुढच्या महिन्याची पाकिटं जूनच्या आधी घरात आली पाहिजेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आजच विचारा, वीज गेली तर ते कसं आणि किती दिवस ठेवायचं. बायकांचे पॅड, तान्ह्या बाळाचं जे काही असेल ते, म्हाताऱ्या माणसाचा जादा चष्मा, आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स, हे एका पिशवीत. रात्री दोन वाजता घर सोडावं लागलं तर शोधत बसायची वेळ येऊ नये.

आता मला जे खरं बोलायचं होतं ते बोलते.

नोव्हेंबर 2016 मध्ये देशातल्या अनेक शहरांत अफवा उठली की मीठ संपलं. लोक धावले, चढ्या भावाने पिशव्या उचलल्या. ज्या देशाला एवढा मोठा समुद्रकिनारा आहे, ज्या आपल्या जिल्ह्यात पेण-उरणला मिठागरं आहेत, तिथे मिठाची टंचाई! टंचाई नव्हतीच, ती लोकांच्या घाईने त्या दोन दिवसांत तयार केली. संकट आल्यावर धावत जाऊन जो दहा पिशव्या घेतो, तो शेवटच्या माणसाची पिशवी घेतो. तेच सामान मे महिन्यात, दर आठवड्याला किलो-दोन किलो जास्त आणून भरलं, तर दुकानदार पुन्हा माल मागवतो, कुणाचं काही कमी होत नाही. आणि ऐन संकटात तुम्ही रांगेत नसता, म्हणजे रांग तेवढी लहान होते. साठा तोच, पण वेळ बदलली की एक शेजाऱ्याच्या कामाचा आणि दुसरा शेजाऱ्याच्या मुळावर येणारा.

व्यापाऱ्याने भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणं ही आणखी वेगळी गोष्ट. त्याविरुद्ध आपल्याच बायका उठल्या होत्या. 1972-73 च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल कुठे जातं, असा जाब त्यांनी विचारला. घरात आपल्या माणसांपुरतं ठेवणारी बाई आणि गोदाम दाबून बसणारा व्यापारी यांतला फरक त्या बायकांना नीट कळत होता.

पण मेमध्ये किलो-दोन किलो जास्त आणा, हे मी कुणाला सांगते आहे? ज्यांच्या हातात तेवढे पैसे आहेत त्यांना. जी बाई रोजच्या मजुरीतून वीस रुपयांचं तेल आणि एक दिवसाचे तांदूळ घेते, तिला मी हे कोणत्या तोंडाने सांगू? आपल्या डोंगराकडेच्या कातकरी वाड्या पाहा. माणसं वीटभट्ट्यांवरून पावसाच्या तोंडाला परत येतात, आणि नेमके तेच महिने कामाविना जातात. सरकारनेही हे मान्य केलं होतं, म्हणून तर 1978 पासून आदिवासींसाठी पावसाळ्यात खावटी कर्ज होतं. 2020 मध्ये त्याचं चार हजार रुपयांचं अनुदान झालं, निम्मं वस्तूंच्या रूपात, निम्मं रोख. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो मिळतं. ते हक्काचं आहे, पण दरड पडून रस्ता बंद झाला तर तेही गोदामातच अडकतं.

म्हणून माझं तुम्हा बचत गटांकडे मागणं आहे. घरातल्या कोठीबरोबर वाडीची एक कोठी करा. धान्य बँक म्हणा, काहीही म्हणा. ज्यांना जमतं त्यांनी पीक आल्यावर पायलीभर तांदूळ द्यावेत, ज्यांना जमत नाही त्यांनी काही देऊ नये. गरजेला उचल घ्यावी, मजुरी आली की परत करावी, दीडपट-दुप्पट काही लावू नये. सावकाराचा व्यवहार आपल्याला करायचा नाही. कोठी उंचावरच्या पक्क्या घरात किंवा शाळेत ठेवा, नदीकाठच्या देवळात नको. चावी दोघींकडे, आणि त्यातली एक वाडीच्या वरच्या अंगाची, एक खालच्या. मध्ये ओढा भरला तर एकीकडची चावी काय कामाची?

त्या कोठीबरोबर एक वही ठेवा. वाडीत एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण, दिवस भरलेली बाई कोण, अंथरुणावर कोण आहे, कुणाला रोज कोणती गोळी लागते, हे त्यात लिहा. सरकारी मदत येईल, ती यायलाच हवी आणि उशीर झाला तर आपण जाब विचारू. पण पहिले दोन-तीन दिवस वाडीला वाडीच असते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. रस्ताच तुटलेला असतो.

निघण्याआधी प्रत्येक गटाने मागच्या टेबलावर आपल्या वाडीचं नाव आणि कोठीसाठी ठरवलेली जागा लिहून द्यायची आहे. जागा ठरली नसेल तर तसं लिहा, मी येत्या आठवड्यात येऊन तुमच्याबरोबर फिरून बघेन. मिरगाला फार दिवस राहिलेले नाहीत, धान्याला ऊन द्यायचं तर ते याच आठवड्यात.