डॉट दाबल्यावर पुढे काय होतं

कोड लिहायचा एडिटर म्हणून विम भारी की व्हीएस कोड, हा वाद आपण चहाच्या वेळेला करू, तो काही आज संपणार नाही. मला बोलायचंय ते एडिटरच्या मागे जे चालतं त्याबद्दल. तुम्ही ऑर्डर नावाचं व्हेरिएबल टाइप केलं, डॉट दाबला, खाली लगेच पुढे काय लिहिता येईल त्याची यादी उघडली. ती यादी कोण देतं?

पूर्वी ही जबाबदारी ज्याची त्याची असायची. दहा एडिटर आणि वीस भाषा धरा, म्हणजे प्रत्येक जोडीला एक असे दोनशे प्लगइन, एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, झाले, आणि त्यातले बरेच कोणीतरी हौसेने सुरू करून वाऱ्यावर सोडलेले. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्हीला बरोबर घेऊन लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला, एलएसपी म्हणतो आपण. भाषेची सगळी अक्कल एका वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायची आणि एडिटरने तिला जेसन नावाच्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये प्रश्न विचारायचे, बस एवढंच. दोनशेचे तीस झाले, दहा एडिटरचे आणि वीस भाषांचे. आज सी प्लस प्लस भाषेचा क्लँगडी हा सर्व्हर असो की रस्ट भाषेचा रस्ट-अॅनालायझर, एकदा लिहिला की विममध्येही चालतो आणि ईमॅक्समध्येही.

आता गंमत अशी की या प्रोटोकॉलला भाषेतलं फारसं काही कळतच नाही. टाइप, म्हणजे व्हेरिएबलमध्ये कुठल्या प्रकारची माहिती आहे, किंवा सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडच्या रचनेचा आराखडा, त्याला पत्ता नाही. त्याला कळते फाइल, ओळ आणि कॉलम. माउस एखाद्या नावावर नेला की सर्व्हर जो टाइप सांगतो तो एडिटरकडे नुसता मजकूर म्हणून येतो, आत जेनेरिक्ससारखं गुंतागुंतीचं काही असो नाहीतर अजून काही. यावर नाक मुरडणारे बरेच आहेत, पण मला वाटतं म्हणूनच हे टिकलं. सगळ्या भाषांच्या टाइपसाठी एकच फॉरमॅट ठरवायला बसले असते ना, तर हॅस्केलवाले आणि पीएचपीवाले अजून मीटिंगमध्येच असते.

पण कॉलम मोजण्यातही घोळ आहेच, आणि तो आपल्याला जास्त चावतो. एलएसपी कॉलम मोजतं यूटीएफ-१६ च्या, म्हणजे अक्षरं साठवायच्या एका पद्धतीच्या, युनिटमध्ये, कारण व्हीएस कोड जावास्क्रिप्टच्या दुनियेतला आणि तिथे स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असाच मोजतात. रस्ट आणि गो या भाषा मात्र स्ट्रिंग यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत ठेवतात. कोडमध्ये "नमस्कार" अशी स्ट्रिंग लिहा. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, यूटीएफ-१६ मध्ये सात युनिट होतात, यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट. सर्व्हर लिहिणाऱ्याने हे रूपांतर विसरलं की त्या ओळीत पुढचं सगळं चौदाने सरकलं, आणि रीनेम केलं, म्हणजे एखादं नाव सगळीकडे बदलायला सांगितलं, तर भलत्याच जागी बदल होणार. इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला हे दिसतच नाही! एलएसपीच्या २०२२ च्या ३.१७ आवृत्तीत एडिटर आणि सर्व्हरने एन्कोडिंग, म्हणजे यातली कुठली पद्धत वापरायची ते, आपसात ठरवायची सोय आली, पण काही ठरवलं नाही तर अजूनही यूटीएफ-१६ च.

असो, हे झालं तारेचं, म्हणजे एडिटर आणि सर्व्हरमधल्या बोलण्याचं. खरं अवघड काम तारेच्या पलीकडे आहे, टाइप चेकरमध्ये, म्हणजे कोडमधले टाइप काढून तपासणाऱ्या भागात. कंपायलरला, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्याला, पूर्ण फाइल मिळते, चुकली तर एरर देऊन मोकळा. एडिटरला ती चैन नाही, कारण डॉट दाबला त्या क्षणी तुमचा कोड मोडकाच असतो, ओळ अर्धी, कंस उघडा, आणि नेमकं तेव्हाच उत्तर हवं, तेही बोट कीबोर्डवरून उचलायच्या आत. म्हणून जुना कंपायलर उचलून त्यावर सर्व्हर चढवला की तो रडतो.

इथे भाषेची रचनाच कामाला येते. रस्टमध्ये फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे ते काय घेतं आणि काय देतं हे सांगणाऱ्या भागात, टाइप लिहावेच लागतात. लोक कटकट म्हणतात, पण त्यामुळे फंक्शनच्या आत तुम्ही काहीही लिहिलं तरी बाहेरच्यांची माहिती पुन्हा काढावी लागत नाही, आणि रस्ट-अॅनालायझर याच नियमावर उभा आहे. ओकॅमल भाषेत टाइप न लिहिता भागतं, फार सुंदर वाटतं ते, पण मग आत एक ओळ बदलली की फंक्शनचाच टाइप बदलू शकतो आणि ते वापरणारे सगळे पुन्हा तपासायचे. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचले ते चेकरच्या डोक्यावर गेले.

माझं आवडतं उदाहरण सी शार्पचं आहे. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेत सिलेक्ट आधी आणि फ्रॉम नंतर, म्हणजे कॉलम निवडताना कुठल्या टेबलातून हे एडिटरला माहीतच नसतं, तो बिचारा काय सुचवणार. २००७ मध्ये सी शार्पमध्ये लिंक (LINQ) क्वेरी, म्हणजे भाषेतच लिहायचे असे प्रश्न, आल्या तेव्हा त्यांनी क्रम उलटा केला, फ्रॉम आधी, सिलेक्ट शेवटी, आणि त्यामागे मोठं कारण हेच होतं की डॉट दाबल्यावर यादी यावी. पायथनची लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत यादी बनवायची रीत, मात्र अजून जुन्याच वळणाची आहे, एक्स डॉट नेम आधी, फॉर एक्स इन यूजर्स नंतर, त्यामुळे एक्स काय आहे हे कळायच्या आधीच डॉट येतो. बरेच जण आधी मागचा फॉर लिहून घेतात आणि मग कर्सर पुढे नेऊन एक्स डॉट दाबतात.